ठाण्यातली पहिली तक्रार

३ मार्च
लढाई संपून आठ महिने झाले. आज ठाणं पुन्हा उघडलं. मी इन्चार्ज. इमारत तीच, माणसं बरीचशी तीच, पण युनिफॉर्म नवा, आकाशी. ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, लोकांचा पोलिसांवर विश्वास बसला की देश उभा राहतो. संकल्प: महिन्यात पन्नास तक्रारी. आज शून्य. पहिलाच दिवस आहे म्हणा.

६ मार्च, सकाळी
शून्य. ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं हसू आरशासमोर दहा मिनिटं केलं. बायकोने विचारलं, दाढ दुखतेय का.

९ मार्च
शून्य. दोष बसण्याच्या सोयीचा. दाराबाहेर नवं बाक टाकलं.

११ मार्च
बाकाचा गुण आला! एक मावशी दिवसभर बसून होत्या. हवालदार म्हणतो, बोलत काहीच नाहीत, नुसत्या दाराकडे बघतात. म्हटलं, अरे बाबा, यालाच विश्वास म्हणतात. वर तसा रिपोर्टही पाठवला.

१५ मार्च
मावशी रोज येतात. बाकी चिटपाखरू फिरकत नाही. लोक का येत नाहीत, न्हाव्याला विचारलं. वस्तरा पुसत म्हणाला, मागच्या खोलीमुळे. बरोबर आहे, ओल आलीय तिथे. रंग देतो.

१८ मार्च
रंग दिला, पिवळा. भिंतीवर कोरलेली नावं तरी दिसतात, म्हणून रंगारी तिसरा हात मारू का म्हणाला. मार म्हटलं. लढाईच्या दिवसांत मी फक्त माणसं आणून द्यायचो. आत काय चालायचं ते माझं काम नव्हतं. हे उगाच लिहिलं.

२१ मार्च
मावशींना चहा पाठवला. घेतला नाही. शुगर असेल.

२४ मार्च
पहिली तक्रार! मावशी आत आल्या. खुर्ची दिली, हसलो, वही उघडली. मुलगा बेपत्ता, वय बावीस. दोन वर्षांपूर्वी पोलिसाने भरल्या ताटावरून उठवून नेला. नेणाऱ्याचं वर्णन विचारलं. माझ्याकडे बघतच सांगत गेल्या. उंच, डाव्या भुवईवर व्रण, आवाज मऊ.
"म्हणाला, आई, पाच मिनिटांत आणून सोडतो."
सगळं लिहून घेतलं. अक्षर चांगलं आलंय.

२५ मार्च
तक्रार क्रमांक एक. तपास अधिकाऱ्याच्या नावाची जागा कोरी आहे. मावशी बाकावर आहेत, म्हणून मागच्या दाराने आत आलो. मागचं दार त्याच खोलीत उघडतं.
तो मुलगा मला आठवतो. निघताना आईला म्हणाला होता, ताट झाकून ठेव.