अंगठ्यातली दुसरी रेघ

५ फेब्रुवारी, सोमवार
पहाटे उजव्या पायाचा अंगठा पेटला! लाल, तकतकीत, हात लावू देईना. पांघरुणाचं टोक लागलं तरी जीव जातो. वैजनाथ डॉक्टर घरी आला. आम्हा नवराबायकोच्या बीपीच्या गोळ्या त्याच्याच. अंगठा बघून म्हणतो, गाऊट. आणि मग सूनबाई चहा घेऊन समोर उभी असताना — ‘अण्णाराव, कधीमधी घेता का?’

घेता का! मी! गळ्यात इष्टलिंग आहे माझ्या. केकमध्ये अंडं असतं म्हणून नातवाचा वाढदिवससुद्धा लांबून बघतो. तुरीच्या डाळीचा व्यापार सोडला तर कसलं व्यसन नाही मला. वैजनाथला चहासुद्धा पिऊ दिला नाही.

६ फेब्रुवारी, मंगळवार
मोंढ्यातल्या धान्यबाजारात बातमी पोचली. शिवप्पा भेटायला आला, केळी घेऊन. मठाच्या व्यसनमुक्ती समितीचा अध्यक्ष अठरा तारखेला निवडायचा आहे. नावं दोनच, माझं आणि त्याचं. माझं पक्कं होतं. केळी बाजूला ठेवून अंगठ्याकडेच बघत बसला. ‘माझा इस्वास हाय तुमच्यावर, अण्णाराव. पर लोकं बोलून राहिलेत. दारू-मटनाचा रोग हाय म्हनतेत.’

लोकं म्हणजे कोण? शिवप्पाच! डाग पुसल्याशिवाय त्या खुर्चीवर बसणार नाही. आणि बसणार तर आहेच.

७ फेब्रुवारी, बुधवार
मुरुडहून मेहुण्याचा फोन. ‘दाजी, खरं काय ते सांगा.’ मुरुडपर्यंत गेलं!

९ फेब्रुवारी, शुक्रवार
मुलाने, रुद्रेशने, सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डॉ. देविका, मूळच्या नांदेडच्या. अंगठ्याची सोनोग्राफी करू म्हणाल्या. सोनोग्राफी! आजवर ती बायकांचीच ऐकली होती. भिंतीवर पाटीही तीच — येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. म्हटलं, बाई, अंगठ्याला मुलगा आहे की मुलगी तेवढं हळूच सांगा. हसल्या. रुद्रेशला मात्र लाज वाटली, आजकालच्या पोरांना कशाचीही वाटते.

गारेगार जेली लावून यंत्र फिरवलं. पडद्यावर हाडाची पांढरी रेघ, तिच्यावर काळा पट्टा — ती कूर्चा म्हणे, हाडावरची मऊ गादी — आणि त्या पट्ट्यावर आणखी एक पांढरी रेघ. ‘काका, ही दुसरी रेघ इतकी ठळक नको. युरिक ॲसिडचे बारीक खडे बसलेत, साखर सांडल्यासारखे.’

विचारलं, दारू दिसते का यात?

‘मशीनला खडे दिसतात. ते कशाने झाले ते नाही दिसत.’ घराण्यातून येतात, किडनीमुळे होतात, काही गोळ्यांनीही होतात म्हणाल्या. रक्त घेतलं. चालू गोळ्या पुढच्या वेळी आणा म्हणाल्या.

म्हणजे सुटका नाहीच! खडे आहेत हे सांगायला यंत्र तयार, माणूस चांगला आहे हे सांगायला कुणी नाही.

१२ फेब्रुवारी, सोमवार
ठणका उतरला. डोकं चालायला लागलं. अशा दोन रेघा कुणाच्याही पायात निघत असतील! आपण कुठे दुसऱ्याचा पाय बघितला? शुक्रवारी गौरम्माला घेऊन जातो. एकच घर, एकच भाकरी, एकच डाळ, आणि तिच्या पायाला काहीसुद्धा झालेलं नाही. लग्न झाल्यापासून एक दिवस आडवी पडलेली बघितली नाही मी. तिच्या पायात दोन रेघा निघाल्या की यंत्र खोटं, वैजनाथ खोटा, शिवप्पा गप्प!

रुद्रेश म्हणाला, ‘अप्पा, आईला उगं कशाला तरास?’ याला तुरीचा भाव कळत नाही, पुरावा काय कळणार.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार
गौरम्मा येतच नव्हती. ‘मला न्हाई काही व्हत,’ हेच धरून बसलेली. नेलीच. बाईंनी जोडवी काढायला सांगितली. डाव्या पायात जोडवं नव्हतंच — काळा दोरा बांधलेला. ‘घट्ट व्हाया लागलं,’ म्हणाली.

पडद्यावर दोन रेघा! माझ्याहून जाड! मी टाळीच वाजवली. म्हटलं, बघा बाई, यंत्रच खोटं!

डॉक्टरीणबाईंनी चप्पल काढून स्वतःच्या अंगठ्यावर यंत्र धरलं. तिथे तसली दुसरी रेघ नाही. सिस्टरच्या पायात नाही. मग गौरम्माचा अंगठा हलकेच दाबला. ‘काकू, दुखतं?’

‘दुखतंय की. लई दिस झालं.’

ही सकाळी माझ्या आधी उठते, जिना चढते, उतरते. कधी लंगडताना दिसली नाही. का मीच बघितलं नाही?

मग बाईंनी आमच्या गोळ्यांची पाकिटं उलटवली. दोघांना बीपीची एकच गोळी, लघवी जास्त करणारी. माझ्या रक्तात युरिक ॲसिड जास्त निघालं होतं; या गोळीनेही ते वाढतं म्हणाल्या. दोघांचीही बदलून दिली, खड्यांचं औषध सुरू केलं, हळूहळू विरघळतील. यंत्र खरंच निघालं, पण माझं काम झालं! गौरम्मा पिते असं म्हणायची छाती शिवप्पालाही नाही. गोळीचा दोष, माणसाचा नाही! येताना गौरम्माला आवडतो म्हणून मोगऱ्याचा गजरा घेतला.

१८ फेब्रुवारी, रविवार
अध्यक्ष झालो. बिनविरोध! शिवप्पाने नाव मागे घेतलं. दोघांच्या अंगठ्यांचे सोनोग्राफीचे फोटो शेजारी शेजारी ठेवून सभेत दाखवले. शिवप्पाच म्हणाला, ‘वैनी थोडीच घेतेत!’ सगळे खो-खो हसले. मीही हसलो. हार गळ्यात ठेवूनच घरी आलो.

गौरम्मा कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. म्हटलं, एवढं दुखत होतं तर सांगितलं का नाहीस?

‘सांगितलं की. श्रावनात. तुम्ही जेवत व्हता. चप्पल बदल म्हनलात.’

मला आठवत नाही.