हौदातलं विसर्जन

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आज मला तुमचा राग आलाय. कवठे येमाईच्या शाळेत दहावीला तुम्ही लिटमसचा निळा कागद लिंबाच्या रसात बुडवून लाल करून दाखवला होता. मी विचारलं, आमच्या विहिरीच्या पाण्यात घातला तर काय होईल? तुम्ही म्हणालात, "तुला पुढं हे कुठं लागणार आहे? परीक्षेपुरतं पाठ कर." वर्ग हसला. शाळा सुटताना मात्र तुम्ही उरलेले कागद माझ्या हातात ठेवलेत. मी ते घरी ताकात, चिंचेच्या कोळात, सोड्यात बुडवत बसले आणि आईचा मार खाल्ला.

तर बाई, लागलं. आमच्या यवतच्या घरामागं मुलानं पोहायचा हौद बांधलाय. तो राहतो पुण्यात, येतो सणावाराला. हौद सांभाळते मी. बांधणाऱ्यानं बोअरचं पाणी भरलं, क्लोरीनच्या पावडरीचे डबे ठेवले आणि गेला. पाणी काचेसारखं दिसत होतं, म्हणून सगळे म्हणाले, स्वच्छ हाय. नितळ पाणी चांगलं असतंच असं नाही, हे मला एकटीला शिकावं लागलं. आता मी रोज सकाळी दोन छोट्या नळ्यांत हौदाचं पाणी घेऊन थेंब टाकते. एकीत क्लोरीनचा पिवळा रंग यावा लागतो, दुसरीत पीएचचा नारंगी-गुलाबी. आमचं पाणी जड, पीएच सारखा वर जातो, आणि तो वर गेला की क्लोरीन असून नसल्यासारखा. म्हणून आधी अ‍ॅसिड घालून पीएच उतरवायचा, मग पावडर. तीही ऊन कलल्यावर, पंप चालू ठेवून. भर उन्हात टाकली तर उडून जाते. मी ती तुपासारखी पुरवून वापरते. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. अ‍ॅसिड आणि पावडर एकत्र आली तर विषारी वायू होतो, म्हणून मी त्यांना वेगळ्या जागा केल्यात. माझे यजमान दोन्ही परत एकाच फळीवर ठेवतात. "दोन्ही हौदाचीच औषधं हायती की."

यंदा गणपतीला मुलगा, सून, नात आले. विसर्जनाच्या दिवशी यजमान म्हणाले, "दारात एवढं पाणी असताना नदीवर कशाला जायचं?" मी हौदाच्या पायऱ्यांवर आडवी उभी राहिले. म्हटलं, शाडूची मूर्ती घंगाळात विरघळवू, ती माती जास्वंदीला घालू. दीर मोठ्यानं हसले. "वहिनी, देवालाबी नळीत थेंब टाकून तपासणार व्हय?" यजमान म्हणाले, "एवढे उपास करती आन् बाप्पाला आडवी येती." सगळ्यांसमोर, बाई. दर संकष्टीला चंद्र बघितल्याशिवाय मी घास घेत नाही. आरती सुरू झाली, मी बाजूला झाले. मूर्ती गेली, मागून हार गेले, दूर्वा गेल्या. पंप चालूच होता, माती सगळीकडं फिरली. हौद चहासारखा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळीत पिवळा रंग आलाच नाही. फुलांनी आणि मातीनं सगळा क्लोरीन खाल्ला होता. तेवढ्यात नात पोहायचा चष्मा लावून, नवा पोशाख घालून हौदाच्या शिडीवर उभी. मुलगा म्हणाला, "आई, शाडूच हाय, घाण थोडीच हाय? टाक अजून थोडी पावडर."

"तळाची जाळी दिसती का तुला?" मी विचारलं.

"न्हाई."

"मंग पोरगी खाली गेली तर ती दिसंल का?"

त्यानं तिला उचलून खाली घेतलं. ती रडली, जेवली नाही. संध्याकाळी गाडीच्या काचेतून मला म्हणाली, "आजी, तुझं पाणी तुलाच ठेव."

ते गेल्यावर यजमान म्हणाले, "पोर नाराज करून धाडलीस." हार मात्र मीच काढले. पंप बंद ठेवून माती तळाला बसू दिली, जाड पाइपानं ओढून बाहेर सोडली, पंपाजवळच्या गाळणीच्या टाकीतली वाळू उलट्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतली. आता पाणी परत नितळ आहे, दोन्ही रंग बरोबर येतात, आणि हौदात कुणी नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं, म्हणून इथंच थांबते. पण जे घरात कुणाला सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगते. मला पोहता येत नाही, बाई. त्या सकाळी पाणी नितळ असतं, पोरगी तळाला गेली असती, तर ती मला अगदी स्वच्छ दिसली असती. मी काठावरून नुसती बघत राहिले असते.