बाकांचा पाना

मी, खाली सही करणारा सुतार, वय एकोणऐंशी, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणणारी एकच होती, ती चार वर्षांपूर्वी गेली. हेच माझे शेवटचे म्हणणे समजावे. दुसरे लिहिण्याचे त्राण उरलेले नाही.

१. राहते घर मुलीला. जावईबापूंनी जिन्याला हात लावू नये. ते दुरुस्त करतात तेव्हा दुप्पट बिघडते.

२. करवती, पटाश्या, रंधे धाकट्या भावाला. त्याचा मोठा रंधा मी परत केला नाही म्हणून त्याने बारा वर्षे अबोला धरला आहे. खरे आहे. रंधा खालच्या खणात आहे.

३. चर्चच्या हॉलमधली चोवीस बाके मी केली. लोकांनी ती सरकवू नयेत म्हणून लोहाराकडून तीनकोनी डोक्याचे बोल्ट घडवून घेतले आणि बाके फरशीत पक्की केली. त्यांना बसणारा पाना एकच, तो माझ्याकडे. एक रांग जास्त मावावी म्हणून वाट अरुंद ठेवली. तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली.

पुढे बायकोचे पाय गेले. चाकाची खुर्ची त्या वाटेत शिरेना. नऊ वर्षे ती दारात बसून प्रार्थना करत होती, पावसात पाठ भिजायची. मी आत, माझ्या बाकावर. "इथूनही ऐकू येतं हो," एवढेच म्हणायची. पाना तेव्हाही खिळ्यांच्या डब्यातच होता. मला माझे काम मोडवले नाही. याची लाज वाटते.

४. नव्या पाळकांना हॉल सर्वांसाठी मोकळा करायचा आहे. दाराशी उतार, सुट्या खुर्च्या. रविवारी प्रार्थना, इतर दिवशी मुलांची शिकवणी, म्हाताऱ्यांची तपासणी. तीनदा घरी आले. "बाबा, पाना असेल तर द्या ना. बोल्ट कापले तर फरशी फुटेल." तीनदा मी सांगितले, हरवला. धडधडीत खोटे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्यांचे बरोबर आहे हे पहिल्याच दिवशी कळले होते. पण नऊ वर्षे जे तिच्यासाठी केले नाही, ते परक्याच्या शब्दावर कसे करू?

~~मी गेल्यावर~~ पाना पाळकांना द्यावा. बाकांची टेबले करावीत. सागवान आहे, जाळू नये.

५. साक्षीला शेजारचा शिंपी आला. त्याने वरचे वाचले आणि पेन खाली ठेवले. "म्हणजे काका, तुम्ही जाईपर्यंत थांबायचं? आमची आई हल्ली त्याच दारात बसते."

चार वर्षे मी तिकडे फिरकलो नाही. मला ठाऊक नव्हते.

कलम चारमधले "मी गेल्यावर" हे दोन शब्द मी स्वतः खोडले आहेत. सही झाली की पाना घेऊन निघतो. दाराजवळची दोन बाके आज सुटली पाहिजेत. माझा जोर पुरला नाही तर शिंप्याने पाना धरावा.

सही: सुतार
साक्षीदार: शेजारचा शिंपी, वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई
ठिकाण: माझी कामाची खोली
दिनांक चौदा, रविवार. प्रार्थनेला अजून तासभर आहे.