सड्याखालून गाडी गेली

अण्णा,

गाडी धावली. रत्नागिरीच्या स्टेशनातून सुटली, कलमांच्या बागेला वळसा घालून चढ चढली, बोगद्यात शिरली, पलीकडून बाहेर आली आणि उंच पुलावरून जाऊन पुन्हा स्टेशनात उभी राहिली. हे सगळं माझ्या घराच्या मागच्या खोलीत, प्लायवुडच्या फळ्यांवर. हे घर तुम्ही पाहिलेलं नाही. खरी रेल्वेही पाहिली नाहीत. ती आली तेव्हा तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि स्टेशनात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला गाडीपेक्षा तुमचाच राग आला होता, एवढी काय घाई होती म्हणून.

मी शाळेत आहे. रविवार आहे. तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून डोंगरमाथ्यावरच्या उघड्या सड्यावर नेता. सगळीकडे काळा पडलेला जांभा दगड, मध्येमध्ये वाळकं गवत, खाली दरी. एसटीच्या डेपोत आठवडाभर बसगाड्यांच्या पोटात डोकं घालून बसणारा माणूस तिथे उभा राहून हवेत बोट फिरवतो. "इथनं रेल्वे येणार बघ. ह्या डोंगराच्या आतनं. आणि तिकडे एवढा उंच पूल." मी विचारते, "अण्णा, डोंगर कोण फोडणार?" "माणसंच फोडतील गो, दुसरं कोण?" डेपोच्या कँटीनमध्ये या बोलण्यावर सगळे हसायचे. तुमचा तो तरुण कंडक्टर दोस्त तर तुम्ही चहाला आलात की खिशातून तिकिटांचा गठ्ठा काढायचा. "अण्णा, तुमच्या रेल्वेचं एक फाडू काय?" तुम्ही शांतपणे बशीत चहा ओतायचात. मला मात्र लाज वाटायची, आणि त्याहून जास्त चीड यायची.

त्याच डेपोत तुम्ही एकदा माझ्या हातावर फटका मारलात. उघड्या इंजिनात मी बोट घातलं होतं. "हाताला डोळे असतात काय? आधी बघ, मग हात घाल." मी रडले. तुम्ही समजूत घातली नाहीत, बाजूला स्टूल ठेवलंत आणि म्हणालात, "बस इथे. बघ." त्या स्टुलावर बसून मी किती दुपारी काढल्या. मॅट्रिक झाले तेव्हा आईला माझ्यासाठी बांगड्या करायच्या होत्या. तुम्ही बाजारातून लाल मुठीची पकड घेऊन आलात. आई दिवसभर तुमच्याशी बोलली नाही. पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडायच्या कामावर मला घेतलं, तेव्हा तिनेच ती पकड पुसून माझ्या पिशवीत टाकली.

आता वाईट ते सांगते. निवृत्त झाल्यावर मला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, बोलणंही सुधारलं. उजवा हात तेवढा तसाच राहिला, दुसऱ्या कुणाचा तरी आणून लावल्यासारखा. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्या ताटलीत वाटाणे ठेवायच्या आणि एकेक उचलायला सांगायच्या. एक दिवस मी ताटलीच उलथली. "जन्मभर बारीक तारा जोडल्या मी, आणि आता वाटाणे उचलू?" बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तुम्हाला काय उचलायचंय ते सांगा." माझ्या तोंडातून निघून गेलं, "आगगाडी." आमचे हे दारात उभे होते. ते हसले, मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले. पुढच्या आठवड्यात छोटं इंजिन, डबे आणि रुळांची खोकी घरात आली.

वाटलं होतं त्याच्या दसपट काम निघालं. पावसाळ्यात फळी फुगली आणि रूळ उचलले गेले. ते सगळं उखडलं, फळीला रंगाचे हात दिले आणि पुन्हा मांडलं. चढ फार उभा झाला, इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत राहायचं. पुन्हा उखडलं. आपल्या दमट हवेत रूळ काळे पडतात नि गाडी अडते, म्हणून रोज पुसावे लागतात. डोंगर थर्माकोलचा केला, वर कागदाचा लगदा आणि त्यावर खऱ्या जांभ्याची चाळलेली पूड. झाडूच्या हिरांचे माड केले. सुरुवातीला उजवा हात नुसता वस्तू दाबून धरायचा. मग एक दिवस त्याने रुळाचा खिळा धरला. पडला. पुन्हा धरला. हे गावभर सांगत सुटले.

सगळं जुळलं तेव्हा ह्यांनी तुमच्या त्या कंडक्टर दोस्ताला बोलावलं. काका आता काठी टेकत चालतात, कानाने कमी ऐकतात. व्यायामाच्या बाईही आल्या. मी बटण फिरवलं. गाडी निघाली, चढ चढली, बोगद्यात शिरली आणि आतच थांबली.

हे हळूच म्हणाले, "राहू दे, डोंगर कापून काढू." बोगद्यात तार निसटली असणार हे मला कळलं होतं. डोंगर भिंतीला टेकलेला, मागे हात जाईल एवढी फट, पण ती कोपऱ्यात. तिथे डावा हात वळत नव्हता. मी उजव्या हातात पकड घेतली आणि आत घातली. दिसत काहीच नव्हतं, अण्णा. मी डोळे मिटले. बोटांना रूळ लागला, रुळाखाली जोड लागला, बाजूला लोंबणारी तार लागली. पकड मिटली. मी तार जोडात दाबली, आणि डोंगराच्या आत घर्रर्र आवाज झाला. काका ओरडले, "आली! आली गो आली!" त्यांना ऐकू कमी येतं, पण दिसतं छान. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी हात बाहेर काढून नुसती बघत बसले, गाडीकडे नाही, हाताकडे. गाडी पुलावरून जात होती.

पुलाशी काका काठी सोडून वाकले. "तुझ्या बापसाला आम्ही येडा म्हणत होतो," ते म्हणाले. मग लहान पोरासारखे, "परत सोड बघू." मी परत सोडली. चहा गार झाला, संध्याकाळ होत आली, तरी त्यांचं "अजून एकदा" संपेना. जाताना त्यांनी माझा उजवा हात दोन्ही हातांत धरला. मी त्यांची बोटं घट्ट दाबली, मुद्दाम. "ओय," म्हणाले. अण्णा, ते "ओय" ऐकून मी जी हसले, तशी झटका आल्यापासून हसले नव्हते.

हे पत्र उजव्या हाताने लिहिलंय. अक्षर वाकडंतिकडं आहे, पण माझं आहे. ते कुठे पाठवणार? घडी घालून स्टेशनाच्या फळीखाली सरकवून देणार आहे. आता एकच राहिलं, ते ह्यांनाही माहीत नाही. या इंजिनाला शिट्टी नाही. घरात कुणी नसलं की बोगद्याच्या तोंडाशी ती मी वाजवते. तोंडाने. अगदी मोठ्याने.