रस्त्याकडेच्या गिरणीचा अर्ज

आबा,

आज मंगळवार, एकोणीस नोव्हेंबर. सकाळी नळाला पाणी उशिरा आलं. दहा वाजता बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो. आम्हा पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत असं लिहून द्यावं लागतं. खिडकीतल्या बाईंनी माझे कागद चाळले आणि म्हणाल्या, "काका, एक कागद कमी आहे. उद्या या." बोलल्या चांगल्या. मी बरं म्हणालो आणि जुन्या जालन्यातल्या धान्याच्या दुकानांमधून पायी घरी आलो. घरात कुणी नसतं. तुमची सून जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी नाशिकला असते, रविवारी फोन करते. जेवलो, थोडा पडलो, पण डोळा लागला नाही. आता चार वाजलेत. कागद कमी आहे, हे मी नोकरीत किती माणसांना सांगितलं असेल, तेच मनात येत होतं. त्यांतले एक तुम्ही होता. तुम्हाला मी ते तोंडानं सांगितलं नाही, लिहून पाठवलं. तुम्ही जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली. माझं वय आता तुमच्यापेक्षा जास्त झालं आहे, आणि ती गोष्ट मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही.

दुष्काळात आपल्या गावापासून केदारखेड्याकडे रस्ता निघाला होता. तुम्ही आणि माय दोन उन्हाळे त्या कामावर खडी फोडत होता. मी तेव्हा मॅट्रिक होऊन तालुक्याला तहसिलीत कारकून म्हणून नुकताच लागलो होतो. रविवारी गावी येताना मला लांबूनच तुम्ही दोघं दिसायचा. तुम्ही बसून हातोडी मारताय, पायाला चिंध्या गुंडाळल्यात, आणि माय खडीचं टोपलं उचलतेय. मी जवळ आलो की तुम्ही हातोडी खाली ठेवून माझ्या बुटांकडे बघायचा आणि म्हणायचा, "चांगलेत. धुळीतून नको येऊ, बांधावरनं ये." तो रस्ता पुढे आपल्या तीन एकरांच्या कडेला लागून गेला. काम बंद झालं त्या दिवशी तुम्ही शेताच्या त्या कोपऱ्यावर उभे राहिलात आणि मला म्हणालात, "इथं गिरणी टाकू."

तुमच्या मनात गिरणी कधीपासून होती ते मला ठाऊक नाही. मायच्या मनात मात्र फार आधीपासून होती. आपल्या गावात पिठाची गिरणी नव्हती. बायका डोक्यावर ज्वारीची पाटी घेऊन दोन कोसांवरच्या गावी जायच्या. तिथला गिरणीवाला आपल्या महारवाड्यातल्या बायकांच्या पाट्या एका अंगाला ठेवायला लावायचा, आणि सगळ्या गावाचं दळण झालं की मग त्या घ्यायचा. आपण बौद्ध होऊन सोळा-सतरा वर्षं झाली होती, पण पाटीची जागा तीच होती. माय सकाळी जायची ती दिवेलागणीला परत यायची. नाहीतर घरी जात्यावर बसायची. त्या रविवारी संध्याकाळी आपण तिघं चुलीपाशी बसलो होतो. माय भाकरी थापताना म्हणाली, "त्या गिरणीच्या पायरीला आता माझं ढुंगण वळखू येतंय." तुम्ही हसलात. मग म्हणालात, "आपल्या गिरणीवर पाटी आली तशी लागंल. पाटलीणबाईची असू दे न्हाईतर कुणाची. पाळी म्हंजे पाळी."

"पाटलीणबाई येईल व्हय तुमच्या गिरणीवर?"

"दोन कोस रोज कोण चालतंय? आधी न्हाई येणार. पाय दुखले की येईल."

माय हसली, पण तिनं तुमच्या ताटात तव्यावरची पहिली भाकरी टाकली. आणि तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "इंजनापाशी शिकलेलं माणूस लागतं. एकदा परवानगी आली का तू ये परत. दारात खुर्ची टाकून देतो तुला." मी भाकरी मोडत राहिलो. मी कमी बोलतो हे तुम्हाला माहीत होतं, त्यामुळे त्या गप्प बसण्याचा तुम्ही काही अर्थ लावला नसणार.

शेतजमिनीवर शेती सोडून दुसरं काही बांधायचं असेल तर बिनशेतीची परवानगी लागते. ते अर्ज माझ्याच टेबलावर यायचे. तुम्ही मला न विचारता सगळे कागद जमवलेत. तलाठ्याकडून उतारा आणलात, जागेचा नकाशा करून घेतलात. ग्रामपंचायतीच्या ठरावासाठी चार वेळा सरपंचाच्या दारात जाऊन बसलात. मला वाटलं होतं तिथंच अडेल. पण पाचव्यांदा गेलात तेव्हा सरपंचानं ठराव दिला. तुमच्यासाठी ती मोठी गोष्ट होती. एका सोमवारी तुम्ही अर्ज घेऊन तालुक्याला आलात. मी जिन्यावरून पाहिलं तर तुम्ही आवकच्या खिडकीपुढे रांगेत, आठ-दहा माणसांच्या मागे, धुतलेला पटका बांधून उभे होता. मी खाली आलो, तुमच्या हाताला धरलं आणि म्हणालो, "आबा, वर चला, मी घेतो ना कागद." तुम्ही हात सोडवून घेतलात. "मागंपुढं लोकं उभी हायेत, दिसत न्हाई का तुला?" सगळ्यांसमोर म्हणालात. मग आवाज खाली करून, "जल्मभर आपली पाटी मागं ठिवली लोकांनी. म्हून दुसऱ्याची म्या मागं ठिवायची का? पाळीनं येऊ दे कागद. तुझ्यापाशी आला तरी सगळ्यांच्या मागं ठेव, म्हंजे कुणी बोट दाखवायचं न्हाई." अर्ज देऊन तुम्ही बाहेर लिंबाखाली बसून भाकरी खाल्लीत, मायनं माझ्यासाठी दिलेलं पीठ शिपायाजवळ ठेवलंत आणि मला न भेटता परत गेलात.

तुमचा कागद पाळीनं आला. त्याच्या आधी सतरा अर्ज होते, मी ते एकेक काढले. आमच्या ऑफिसात निजामाच्या काळापासूनचे एक अव्वल कारकून होते, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनी माझ्या टेबलावर वाकून नाव वाचलं. "क्यों मियाँ, ये कागज तुम्हारे वालिद का है ना?"

मी हो म्हणालो.

"फिर बोलते कायकू नै? सब बराबर है इसमें. लाओ इधर, आज के आज साहब के सामने रख देता मैं."

मी म्हणालो, "राहू द्या चाचा. नियमानं होऊ द्या."

चाचांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. दुपारी चहाच्या वेळी त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून ऑफिसात मी सरळ माणूस म्हणून ओळखला गेलो. बदली होऊन जिथं जिथं गेलो तिथं ते नाव माझ्या आधी पोचलेलं असायचं. रिटायर झालो तेव्हाच्या भाषणातसुद्धा एकानं तो किस्सा सांगितला. बापाचा कागदसुद्धा नियमाबाहेर न काढणारा माणूस, असं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हार हातात घेऊन बसलो होतो.

नियमानं तुमच्या अर्जात काहीही कमी नव्हतं, आबा. त्या दिवशी चाचा जेवायला गेल्यावर मी त्याच्यावर लिहिलं की सदर जागा रस्त्यालगत असल्यामुळे, रस्ता ज्या खात्याकडे आहे त्या खात्याचं ना-हरकत पत्र अर्जदारानं सादर करावं. इतर अर्जांवर मी हे लिहीत असे, कारण ते रस्ते कुठल्या ना कुठल्या खात्याच्या यादीत असत आणि नियम तेवढ्यांपुरताच होता. आपला रस्ता कुणाच्याच यादीत नव्हता. दुष्काळात काम काढलं, दुष्काळ संपला, काम थांबलं, आणि तो रस्ता ताब्यात कुणी घ्यायचा हे कुणी ठरवलंच नाही. जो रस्ता कागदावर नाही त्याबद्दल हरकत नाही असं कोण लिहून देणार? हे तालुक्यात ज्या चार-पाच माणसांना ठाऊक होतं त्यांत मी होतो. साहेबांनी वर बघून विचारलंही नाही, सही केली. तुम्हाला गेलेलं पत्र माझ्याच अक्षरात होतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं. शाळेच्या गुरुजींकडून तुम्ही ते वाचून घेतलंत, हे मला मायनं सांगितलं.

मग तुम्ही फिरलात. तालुक्याच्या बांधकाम खात्यात गेलात, त्यांनी जिल्हा परिषदेचा रस्ता म्हणून सांगितलं. तेव्हा आपला जिल्हा औरंगाबाद होता. तिथं एसटीनं जाऊन आलात, तिथले म्हणाले बांधकाम खात्याचा. पुन्हा तालुका, पुन्हा औरंगाबाद. दिवाळीला मी घरी आलो तेव्हा तुम्ही ते मायला आणि मला हसत हसत सांगत होता. "बाबू म्हणला, असा रस्ताच न्हाई आमच्याकडं. म्हणलं, साहेब, मंग मी दोन उन्हाळे कशावर बसलो व्हतो?" माय पदर तोंडाला लावून हसते आहे, तुम्ही बाबूची नक्कल करता आहात, चष्मा नाकावर घेऊन, आणि मीही हसतो आहे. जेवण झाल्यावर तुम्ही हात धुता धुता विचारलंत, अगदी सहज, "आपला कागद बराबर होता का रे?"

"एक त्रुटी होती, आबा."

"आसंल. तुला कळतंय त्यातलं."

एवढंच तुम्ही एकदा विचारलंत. पोरगा ऑफिसात आहे म्हणून आपला कागद उलट जास्त थांबला पाहिजे, असं तुमचं मत होतं. त्यामुळे तो जितका थांबला तितका मी तुम्हाला नेक वाटलो असेन. कोपऱ्यावर तुम्ही पायासाठी चुन्याची आखणी केली होती, बाजूला दगड आणून टाकले होते. पुढच्या मृगाच्या आधी तुम्ही दगड बांधाला लावलेत, तिथं नांगर धरलात आणि पाऊस पडल्यावर तूर पेरलीत.

नंतर बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते तुमच्या भल्यासाठी होतं. गाव आपल्या गिरणीवर आलं नसतं, इंजिन गंजलं असतं, तुम्ही रिकाम्या दारात बसून राहिला असता आणि ते मला बघवलं नसतं. हे मी मागून जुळवलेलं आहे. लिहिताना माझ्या मनात त्यातलं काही नव्हतं. तालुक्यात मला भाड्याची एक खोली होती. मालकानं आडनाव विचारलं नव्हतं. चौकातल्या हॉटेलात माझा कप सगळ्यांच्या कपांबरोबर विसळला जायचा. संध्याकाळी मी त्या बाकावर बसायचो, कुणाशी बोलायचो नाही, चहा प्यायचो. मला ते पाहिजे होतं. परवानगी आली असती तर तुम्ही दारात खुर्ची टाकली असती, आणि मला तुम्हाला नाही म्हणता आलं नसतं. तोंडानं नाही म्हणण्यापेक्षा मला लिहिणं सोपं गेलं.

पुढे गावात दुसऱ्या कुणाची विजेवरची गिरणी झाली, तुम्ही गेल्यानंतर. तिथं सगळ्यांचं दळण पाळीनं होतं असं माय म्हणायची. शेवटी शेवटी माय माझ्याकडे राहायला आली होती. तिलाही मी सांगितलं नाही. बायकोला सांगणार होतो, दवाखान्यात तिच्या उशाशी बसलो असताना तसं मनात आलं होतं, पण तिला बोलण्याचा त्रास होत होता.

हे पत्र या वहीतच राहील. मुलगी कधी खोली आवरायला आली तर वाचेलही. तिनं वाचलं तर वाचू दे. पण जे वर लिहिलं ते लिहायला मला इतका वेळ लागला नसता, आबा. त्याच्या पुढचं एक आहे. तुमचा अर्ज परत गेल्यावर दोन वर्षांनी वरून एक यादी आली. दुष्काळातले रस्ते जिल्हा परिषदेनं ताब्यात घेतले होते. यादी टपालातून माझ्याच टेबलावर आली. तिसऱ्या पानावर आपल्या गावाचा रस्ता होता. आता ते ना-हरकत पत्र मिळणार होतं, एका फेरीत मिळालं असतं. तुम्ही त्यानंतर तीन वर्षं होता. मी दर महिन्याला गावी येत होतो, तुम्ही मला त्या तुरीच्या कोपऱ्यावरून रस्त्यापर्यंत पोचवायला येत होता. यादी मी वाचली होती. वाचली म्हणून खूण केली आणि फायलीत लावली.

आता गच्चीवरचं ऊन गेलं आहे. दोरीवर माझे दोन सदरे आणि एक टॉवेल आहे. ते काढून आणतो आणि घड्या घालून ठेवतो.