पुळ्या, काउंटर आणि मरून टॉवेल

३ मार्च, सकाळी
सहा गावं, नऊ नोकऱ्या. या लॉजवर मात्र टिकायचंच. मॅनेजर म्हणाले, काउंटरवर बसवतो, पण आधी ते तोंड नीट कर, गिऱ्हाईक किल्ली न घेताच पळेल. तोवर तळघरात टॉवेल धुवायचे. पुळ्या सत्तावीस. संकल्प : महिनाअखेर शून्य.

५ मार्च
साबणाने अकरा वेळा तोंड धुतलं. पुळ्या एकतीस. इस्त्रीवाल्या मावशी म्हणाल्या, अरे बाबा, धुऊन जात असत्या तर तुला मशीनमध्येच नसता का टाकला?

७ मार्च
दवाखाना. डॉक्टरबाई म्हणाल्या, मळाने नाही होत, कातडीतलं तेल वाढतं, छिद्रं बुजतात, आत जंतू माजतात. ट्यूब दिली. रोज एकदा, मटाराच्या दाण्याएवढी. फोडायच्या नाहीत. आठ आठवडे धीर. शेवटी कपड्यांबद्दलही काहीतरी सांगत होत्या, पण भिंतीवर कातडीचं चित्र होतं, केसाचं मूळ अगदी कांद्याच्या पातीसारखं. बघतच राहिलो.

८ मार्च
एकतीस पुळ्यांना एक दाणा? लिंबाएवढी लावली. दिवसातून तीनदा. आठ आठवड्यांचं काम तिसऱ्यातच उरकेल.

१२ मार्च
कातडी सोलतेय. आग आग. म्हणजे लागू पडतंय. एक पुळी फोडली. एकच. मग शेजारची, ती एकटी पडली असती.

१९ मार्च
लॉजच्या मरून टॉवेलांवर पांढरट डाग! मॅनेजर ओरडले, ब्लीच कोण ओततंय? तपास मी हाती घेतला. प्रत्येक टॉवेल नाकातोंडाशी धरून हुंगला. ब्लीचचा वास नाही. नव्या पावडरवर संशय.

२० मार्च
काल हुंगलेल्या सगळ्या टॉवेलांवर आज डाग. गुन्हेगार माझ्या मागावर आहे.

२८ मार्च
तोंड भाजल्यासारखं. रडलो, पण अश्रूंनी जास्तच झोंबलं. डॉक्टरबाईंनी झाप झाप झापलं. आता दाणाच.

२६ एप्रिल
पुळ्या चार! देवा, चार! मॅनेजर म्हणाले, पुढच्या रविवारी काउंटरवर बसून बघ.

३ मे, दुपारी
मरून कोट, पितळी बटणं. शुभ दिवस म्हणून सकाळी जरा जास्तच लावली. अकरा गिऱ्हाइकं आली, एकही पळालं नाही. घाम फार.

४ मे
कोटाची कॉलर पांढरी. मावशींनी कोट आणि टॉवेल शेजारी ठेवले, माझ्या खिशातली ट्यूब काढली, वेष्टणावरचं वाचून दाखवलं : रंगीत कापडाचा रंग जातो. म्हणाल्या, सापडला हो तुझा गुन्हेगार. मॅनेजरांनी जिन्याकडे बोट केलं. खालच्या.

९ मे
एकही पुळी नाही. डॉक्टरबाई खूश. विचारलं, आता बंद करू ना? म्हणाल्या, छे, बंद केलीस की परत येतील, अजून वर्षभर तरी लाव. तसाच मॅनेजरकडे गेलो, काउंटरला पांढरा कोट चालेल का विचारायला. नाही चालत.