टाकून विसरायचं तेल

बाबा, रविवारी सकाळी तुम्ही मला घाटावर न्यायचात आणि बोटीच्या फळीवर बसवायचात. मांडीवर इंजिनाचं इंग्रजी पुस्तक. मी कॉन्व्हेंटच्या सुरात एकेक ओळ वाचते, मग मराठीत सांगते. तुम्ही तेल मोजायची पट्टी फडक्याने पुसून पुन्हा आत घालता. "म्हणजे करायचं काय, ते सांग," म्हणता. तेल बदलायचं, बाबा. दर वेळी तेच निघायचं. गुजरातेत मोडीत निघालेल्या मच्छीमार बोटीचं ते डिझेल इंजिन तुम्ही आणलंत, आणि तापीच्या या काठाची माणसं त्या काठाला नेऊन माझी फी भरलीत.

आता ती बोट तुमचा धाकटा चालवतो. चालवतो म्हणजे, पावसाळा सरला की थोडे दिवस सहलीच्या लोकांना फिरवतो. बाकी वर्षभर ती ताडपत्रीखाली. गेल्या आठवड्यात आम्ही दोघं तेल घ्यायला शनवाऱ्याच्या बाजारात गेलो. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलंही नाही. "भैया, सिंथेटिक डालो और भूल जाओ." तुमच्या लाडक्याचा चेहरा असा उजळला, जणू त्याच्या आयुष्याचं ध्येयच कुणी डब्यात भरून विकायला ठेवलं होतं.

"ऐकलं ना, ताई? टाकायचं आणि विसरायचं."

विसरायला याला तेल कधीपासून लागायला लागलं? तुम्ही अंथरुणावर होता तेव्हा तुमची औषधं आणायला निघालेला हा माणूस जळगावला मित्राच्या लग्नात जेवत होता, कुठलंही तेल न टाकता.

मी म्हटलं, सिंथेटिक जास्त टिकतं, खरं आहे. पण आपली बोट उभी राहून राहून तेलात पाणी धरते. मग महाग असो की साधं, दर हंगामाला ते काढून फेकायचंच. शिवाय इंजिनाची रबरी सीलं सुकलेली, त्यांतून हे पातळ सिंथेटिक आधी झिरपेल.

"तुला काय कळतं गं? कॉन्व्हेंटात इंजिन शिकवत होते का?"

"वाचायला शिकवत होते."

दुकानदार हसला. धाकटाही हसला, त्याला वाटलं, मी दुकानदाराला बोलले.

शेवटी साधंच घेतलं. धाकट्याचा हात धरून मी घाट उतरले. तेल ओतताना भावजय शेजारी उभी होती. तिने एकच विचारलं, "ताई, हे पुन्हा कधी बदलायचं?" इतक्या वर्षांत त्या घरातून आलेला हा पहिला शहाणा प्रश्न. माझे गुडघे पुढच्या हंगामाला घाट उतरू देतील असं वाटत नाही. मी तिथे नसले की तो टाकेल, विसरेल, आणि एक दिवस तुमचं इंजिन जाम होऊन भंगारात जाईल.

रोज धावणारं नवं इंजिन असतं तर मीही सिंथेटिकच घेतलं असतं. हे त्याला कधी सांगणार नाही.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, तुमच्यापर्यंत तर ते पोचणारही नाही. तरी लिहून ठेवते. बोट तुम्ही माझ्या नावे केलीत. माझ्यामागे ती इंजिनासकट भावजयीला. पुस्तकही तिलाच, समासात मी पेन्सिलने मराठी लिहिलंय. धाकट्याला माणसं गोळा करायची शिटी. तेवढं त्याला जमतं. आणि मला घाट उतरवून नेण्याचं काम त्याच्याकडेच राहू द्यायचं. दुसऱ्या कुणाचा हात मला धरवत नाही.